शाळकरी मुलाचे ताट

सहा ते चौदा वर्षांचे मूल दिवसातून चार-पाच वेळा खाते. सकाळी घरी काहीतरी तोंडात टाकते, मोठ्या सुट्टीत डबा किंवा शाळेतला आहार खाते, फाटकाबाहेर पाच-दहा रुपयांचे काही घेते, संध्याकाळी घरी येऊन डबे उघडते आणि रात्री जेवते. या सगळ्याचा हिशेब कोणा एका मोठ्या माणसाकडे नसतो. शाळेत किती पोटात गेले हे आईला कळत नाही, मूल उपाशी आले आहे का हे शिक्षकांना कळत नाही, आणि टपरीवाल्याचा या दोन्हींशी संबंध नसतो. मुलांच्या आहारातली बरीचशी गडबड चुकीच्या पदार्थांपेक्षा या तुटलेल्या दुव्यांमुळे होते.

गरज किती, हे आधी पाहायला हवे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १,७०० किलोकॅलरी ऊर्जा आणि २३ ग्रॅम प्रथिने लागतात. दहा ते बारा या वयात ऊर्जेची गरज मुलांसाठी २,२२० आणि मुलींसाठी २,०६० किलोकॅलरीपर्यंत जाते. म्हणजे बारा वर्षांच्या मुलीने घरातल्या बैठे काम करणाऱ्या मोठ्या बाईपेक्षा जास्त खाणे अपेक्षित आहे. अनेक घरांत नेमके उलटे घडते. मुलगी ‘मोठी’ दिसू लागली की तिचे वाढप आवरते घेतले जाते, आणि पाळी सुरू होऊन लोहाची गरज वाढण्याची वेळही तीच असते.

सकाळपासून सुरुवात करू. महाराष्ट्रातल्या असंख्य मुलांचा दिवस चहा-चपाती, चहा-बिस्किट किंवा चहा-खारीने उजाडतो. मोठ्यांसाठी चहा होतच असतो, त्यातलाच अर्धा कप मुलाला मिळतो आणि काम भागते. पण चहातली टॅनिन द्रव्ये धान्य, डाळी आणि पालेभाज्यांतले लोह आतड्यात शोषले जाण्यात अडथळा आणतात. जेवणाच्या आधी आणि नंतर निदान तासभर चहा-कॉफी टाळावी, असा सल्ला राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत दिला आहे. तोच चहा बाजूला ठेवून रात्रीच्या भाकरीचा दह्यातला काला, शेंगदाणे घातलेले पोहे, मुगाचे धिरडे किंवा नाचणीची आंबील दिली, तर खर्च फारसा वाढत नाही. लागतो तो वेळ, आणि सातच्या शाळेला नेमका तोच नसतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला. त्यामागचे मुख्य कारण झोप हे होते. न्याहारीलाही त्याचा लाभ होऊ शकतो. तमिळनाडूने वेगळी वाट धरली. तिथे सप्टेंबर २०२२ पासून सरकारी प्राथमिक शाळांतच न्याहारी देण्याची योजना सुरू झाली. उपाशी पोटी परिपाठाला उभ्या राहणाऱ्या मुलाला चक्कर येते, हे शिक्षकांना कोणी वेगळे सांगावे लागत नाही.

शाळेतल्या जेवणाची परंपरा भारतात जुनी आहे. मद्रास महापालिकेच्या शाळांत १९२० च्या दशकात ती सुरू झाली. पुढे कामराज यांनी तिचा विस्तार केला आणि एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये तिला मोठ्या राज्यव्यापी योजनेचे रूप दिले. देशपातळीवरची योजना १५ ऑगस्ट १९९५ ला आली. तेव्हा बहुतेक राज्यांत शिजवलेले अन्न मिळत नसे. ८० टक्के हजेरी भरली की महिन्याला तीन किलो धान्य घरी नेता येई. ते धान्य साऱ्या कुटुंबात वाटले जाई आणि मुलाच्या वाट्याला किती येई याचा पत्ता लागत नसे. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या याचिकेवर अंतरिम आदेश दिला. सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला वर्षात किमान २०० दिवस, किमान ३०० कॅलरी आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असलेले शिजवलेले जेवण द्या, असे त्यात म्हटले होते. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने या जेवणाला हक्काचे रूप दिले. २०२१ पासून योजनेचे नाव प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण असे झाले, तरी महाराष्ट्रातल्या गावांत तिला आजही ‘खिचडी’ म्हणूनच ओळखतात.

पहिली ते पाचवीच्या मुलासाठी या योजनेत रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल ठरलेले आहे. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा आहे. सहावी ते आठवीसाठी हेच प्रमाण १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल असे आहे; तिथले लक्ष्य ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने. कागदावर हा हिशेब चोख बसतो. १०० ग्रॅम तांदळातून सात-आठ ग्रॅम आणि २० ग्रॅम डाळीतून चार-पाच ग्रॅम प्रथिने येतात, म्हणजे बारा भरलीच. मेख तिथेच आहे. भाजी पूर्णपणे गळाली तरी कॅलरी आणि प्रथिनांचे आकडे जवळपास तेच राहतात, आणि जीवनसत्त्वे व खनिजे या आकड्यांत दिसतच नाहीत. तांदूळ सरकारी गोदामातून येतो. भाजी मात्र रोज बाजारातून आणावी लागते, तिचे भाव चढतात, बिल मागाहून मिळते. त्यामुळे काटकसर पहिल्यांदा भाजीत होते. खिचडीतल्या भाजीकडे पाहिले की त्या शाळेतली व्यवस्था कशी चालली आहे याचा बराच अंदाज येतो.

या उणिवेवर महाराष्ट्रात बरेच प्रयोग झाले. शाळेच्या आवारातली परसबाग हा त्यातला सर्वात साधा. शेवगा, कढीपत्ता आणि लिंबाची दोन-तीन झाडे एकदा रुजली की वर्षानुवर्षे उपयोगी पडतात. पालक-मेथीचे वाफे मुलेच सांभाळतात. स्वतः लावलेली भाजी मूल जास्त सहज चाखते, हा परसबागेचा आणखी एक लाभ. पाणी नसलेल्या शाळेत मात्र उन्हाळ्यात बाग टिकत नाही, आणि स्पर्धेच्या फोटोपुरती केलेली बाग पावसाळ्यानंतर दिसत नाही. गावातल्या लोकांनी वाढदिवस किंवा सणाच्या निमित्ताने शाळेत गोडधोड किंवा फळे देण्याला इथे स्नेहभोजन म्हणतात. २०२४-२५ या वर्षापासून राज्याने पाककृतींची संख्या वाढवली आणि भाताबरोबर मोड आलेली कडधान्ये, तांदळाची खीर, नाचणीसत्त्व असे पदार्थ यादीत आणले. नाचणी येणे विशेष स्वागतार्ह. तिच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, गाईच्या दुधाच्या जवळपास तिप्पट. शिवाय कोकणातल्या आणि डोंगराळ भागातल्या मुलांना तिची चव घरून ओळखीची असते. मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या मोठ्या भागात घरचे मुख्य अन्न ज्वारी-बाजरीची भाकरी आहे. तिथल्या मुलाने शाळेत रोज भात खावा, हे अन्नसाठ्याच्या सोयीने ठरले आहे.

अंड्याचा प्रश्न गुंतागुंतीचा झाला, पण तो गुंता पोषणशास्त्राचा नाही. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम उत्तम दर्जाची प्रथिने, ब-१२ आणि अ जीवनसत्त्व असते. ते कवचबंद असल्याने त्यात भेसळ करता येत नाही, आणि प्रत्येक मुलाला अख्खे एक मिळाले की नाही हे मोजता येते. तमिळनाडूत शाळेच्या पाचही दिवशी अंडे मिळते. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एक अंडे आणि अंडे न खाणाऱ्यांना केळे देण्याचे ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा स्वतंत्र निधी थांबवण्यात आला आणि ज्या शाळांना द्यायचे असेल त्यांनी लोकसहभागातून द्यावे, असे ठरले. लोकसहभाग जिथे सहज मिळतो, तिथल्या मुलांना अंडे बहुधा घरीही मिळते. ज्यांना मिळत नाही त्यांच्यासाठी आठवड्याचे ते एक अंडे मोलाचे होते.

शाळेच्या तांदळात काही पिवळसर, वेगळ्या दिसणाऱ्या कण्या आढळतात आणि त्यावरून ‘प्लास्टिकचा तांदूळ’ आल्याची आवई दरवर्षी कुठे ना कुठे उठते. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ मिसळून, पुन्हा तांदळाच्या आकारात पाडलेले ते दाणे असतात. शंभर दाण्यांत एक या प्रमाणात ते मिसळतात. ते पाण्यावर तरंगतात म्हणून निवडताना काढून टाकले जातात, आणि ज्यासाठी हा खटाटोप केला तेच कचऱ्यात जाते. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना हे एकदा नीट समजावून सांगणे कुठल्याही परिपत्रकापेक्षा उपयोगी.

या ताईंवर सारी योजना उभी आहे. बहुतेक जणी गावातल्या बचत गटाच्या, अनेकदा त्याच शाळेतल्या मुलांच्या आया किंवा आज्या. केंद्र सरकारने २००९ मध्ये ठरवलेले दरमहा एक हजार रुपयांचे मानधन पुढे वर्षानुवर्षे तेवढेच राहिले. महाराष्ट्राने स्वतःची भर घालून २०२३ मध्ये ते अडीच हजार केले. शंभर मुलांचा स्वयंपाक, वाढप आणि भांडी यांचा हा मोबदला आहे. अन्नाच्या सुरक्षिततेची जबाबदारीही त्यांच्यावरच येते. १६ जुलै २०१३ ला बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावात शाळेतले जेवण जेवून २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळले गेले होते. मुलांना वाढण्याआधी शिक्षकासह मोठ्या माणसांनी अन्नाची चव घ्यायची, हा नियम त्यानंतर अधिक कडकपणे लागू झाला. चव नोंदवहीत रोज सही होते. प्रत्यक्ष चव रोज घेतली जाते का, हे शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांनी अधूनमधून न सांगता येऊन पाहावे. तो त्यांचा अधिकार आहे.

खासगी शाळांत आणि नववीपासून पुढे डबा हेच जेवण. डब्याची पहिली कसोटी चार तासांनंतर तो कसा लागेल ही असते. पोळीचा रोल, मेथीचे ठेपले, धपाटे, थालीपीठ, मटकीची सुकी उसळ, दही-भात, गूळ-तुपाचा पोळीचा लाडू हे पदार्थ टिकतात आणि हाताने पटकन खाता येतात. वीस मिनिटांच्या सुट्टीत मुलाला खेळायचेही असते, म्हणून चार कप्प्यांचा सजवलेला डबा बहुधा अर्धा परत येतो. डबा परत आला की आई विचारते, ‘का नाही संपवलास?’ खरे कारण पुष्कळदा वेगळेच निघते: वेळ पुरला नाही, झाकण उघडले नाही, हात धुवायला पाणी नव्हते, किंवा कोणीतरी डब्याला नाक मुरडले. सुक्या मासळीच्या वासावरून, अंड्यावरून, भाकरी-ठेच्यावरून वर्गात होणारी चेष्टा मूल घरी सांगत नाही. ते एवढेच म्हणते, ‘उद्यापासून ब्रेड-जॅम दे.’ त्यामागे जात असते, पैसाही असतो. वर्गशिक्षक आठवड्यातून एकदा मुलांसोबत डबा खायला बसले आणि भाकरी कौतुकाने मागून खाल्ली, तर ही चेष्टा पुष्कळ कमी होते. काही खासगी शाळा डब्यात काय आणायचे याचे वेळापत्रक ठरवतात. त्यातून वेफर्स आणि नूडल्स हद्दपार होतात हे खरे. पण घरात जे शिजते ते डब्यात चालत नाही, असा निरोप कोणत्याही मुलाला मिळता कामा नये.

फाटकाबाहेरच्या टपरीवर एके काळी बोरे, चिंचा, आवळे, पेरूच्या फोडी आणि उकडलेल्या शेंगा मिळत. आता तिथे पाच रुपयांच्या चकचकीत पुड्यांच्या माळा लटकतात. या पुड्या मुलाला मिळणाऱ्या खाऊच्या पैशाला नेमक्या बेतलेल्या असतात. पाच रुपयांत पेरू येत नाही. महाराष्ट्र सरकारने मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांत चिप्स, नूडल्स, पिझ्झा, कोला अशा पदार्थांना बंदी केली. भारतीय अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी जास्त मीठ, साखर आणि चरबी असलेले पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकण्यास किंवा त्यांची जाहिरात करण्यास मनाई केली. पन्नास मीटर म्हणजे मुलाच्या धावेला अर्ध्या मिनिटाचे अंतर, आणि तेवढेही बहुतेक ठिकाणी पाळले जात नाही. त्यापेक्षा शाळेनेच बचत गटाकडून शेंगदाण्याची चिक्की, राजगिरा लाडू, उकडलेले चणे आणि फळे विकायला ठेवणे जास्त उपयोगी ठरते. भुकेल्या मुलाला नुसती बंदी पुरत नाही.

साखरेबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे असे: वरून घातलेली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, जमल्यास ५ टक्क्यांच्या. आठ वर्षांच्या मुलासाठी ५ टक्के म्हणजे सुमारे २१ ग्रॅम. कोलाच्या ३०० मिलिलिटरच्या एका बाटलीत तीसहून अधिक ग्रॅम साखर असते. मे २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना हे आकडे दाखवणारे साखर फलक लावायला सांगितले. फलकापेक्षा गणिताच्या तासाला पुड्यावरचे लेबल वाचणे मुलांच्या जास्त लक्षात राहते. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, एवढे कळले की ‘शक्तिवर्धक’ भुकटीच्या डब्यावर साखर कितव्या क्रमांकावर आहे हे चौथीतले मूलही सांगते.

पाण्याकडे सर्वात कमी लक्ष जाते. अनेक मुली शाळेत मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण स्वच्छतागृह घाण असते किंवा त्याला कडी नसते. मूत्रमार्गाचा संसर्ग, डोकेदुखी, बद्धकोष्ठता हे त्याचे परिणाम. केरळच्या शाळांत २०१९ मध्ये दिवसातून ठरावीक वेळी पाणी पिण्याची घंटा सुरू झाली आणि ती कल्पना इतर राज्यांनीही उचलली. स्वच्छतागृह दुरुस्त नसेल तर ही घंटा मुलींच्या कामाची नाही.

घरातला प्रश्न वेगळा असतो. ‘आमचा काही खातच नाही’ ही बालरोगतज्ज्ञांकडे सर्वाधिक ऐकू येणाऱ्या तक्रारींपैकी एक. त्यातली बरीच मुले वजन-उंचीच्या तक्त्यावर अगदी ठीक असतात. कमी पडते ते आजीच्या अपेक्षेला. पहिल्या वर्षात वजन तिपटीने वाढते. नंतर वाढीचा वेग मंदावतो, त्यामुळे भूकही कमी होते. शाळकरी वयात ती दिवसागणिक वर-खाली होत राहते. अमेरिकी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी जबाबदारीची सरळ वाटणी सुचवली: काय, कधी आणि कुठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती, हे मुलाने. मानसशास्त्रज्ञ लिअन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत असे दिसले, की दबाव आणून खायला लावलेला पदार्थ मुलांना कमी आवडू लागतो आणि डोळ्यांदेखत ठेवून मनाई केलेला पदार्थ जास्त हवासा वाटतो. ‘भाजी संपवलीस तर चॉकलेट’ या सौद्यात दोन्ही चुका एकदम होतात. नवी भाजी स्वीकारायला मुलाला ती आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर दिसावी लागते. दोनदा नाकारली म्हणजे ‘त्याला कारले आवडत नाही’ हा निकाल घाईचा असतो.

मराठी घरात ताटात काही टाकायचे नाही ही शिस्त आहे आणि ती चांगली आहे. तिचा सॅटर यांच्या वाटणीशी झगडा होण्याचे कारण नाही. वाढतानाच थोडे वाढावे आणि मागेल तेव्हा पुन्हा द्यावे. टाकायची वेळच येत नाही. अडचण येते ती मोठ्यांनी आपल्या अंदाजाने ताट भरले आणि मुलाने ते संपवावे असा आग्रह धरला की. मोबाइल समोर ठेवून भरवल्यास ताट रिकामे होते खरे, पण पोट भरल्याची जाणीव त्या चित्रांत हरवते आणि चार वर्षांनी तेच मूल भूक नसताना खाऊ लागते. जेवणाआधी तासभर बिस्किटे किंवा ग्लासभर दूध घेतलेल्या मुलाला भूक नसणे स्वाभाविक आहे. दिवसाला अर्ध्या लिटरहून बरेच जास्त दूध पिणारी लहान मुले पुष्कळदा रक्तक्षयी निघतात. दुधात लोह जवळपास नसते आणि ते बाकीच्या अन्नाची जागा घेते.

रक्तक्षय ही महाराष्ट्राची खरी मोठी अडचण आहे. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के मुलांत तो आढळला. आधीच्या सर्वेक्षणात हे प्रमाण ५३.८ टक्के होते. ही मुले आता शाळेत आहेत. त्यांच्यासाठी आठवड्यातून एकदा लोह व फॉलिक आम्लाची गोळी असते, पाच ते दहा वर्षांसाठी गुलाबी आणि किशोरवयासाठी निळी. गोळी रिकाम्या पोटी घेतली की मळमळते आणि पुढच्या आठवड्यात मूल ती खिशात घालते. म्हणून ती शाळेतल्या जेवणानंतर शिक्षकांसमोर घ्यायची असते. वर्षातून दोनदा मिळणारी जंतनाशक गोळीही त्याच कामाचा भाग आहे, कारण आतड्यातले आकडेकृमी रक्तच पितात. घरी मटकीच्या उसळीवर लिंबू पिळणे, जेवणात आवळा किंवा पेरू असणे, भाजी लोखंडी कढईत करणे या सवयींनी मिळालेले लोह वाढते किंवा अधिक चांगले शोषले जाते. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या आदिवासी भागांत सिकलसेलचाही विचार करावा लागतो. तिथे फिकट दिसणाऱ्या मुलाला नुसत्या गोळ्या देत न राहता रक्ततपासणी करावी लागते.

याच राज्यात दुसऱ्या टोकाचा प्रश्नही वाढतो आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि त्यांच्या मुलांचा दीर्घ अभ्यास केला. तिथली बाळे जन्मतः इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी होती, पण त्यांच्या शरीरात वजनाच्या मानाने चरबी जास्त होती. अशी मुले पुढे बैठी राहिली आणि गोड-तळलेले खात गेली, तर दिसायला किरकोळ असूनही त्यांना मधुमेहाचा धोका राहतो. म्हणून ‘बारीक आहे, खाऊ दे काहीही’ हा युक्तिवाद आपल्याकडे विशेष चुकीचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी तासभर दमवणारी हालचाल हवी. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोपही लागते. झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी भूक आणि गोडाची ओढ वाढते. खेळाचा तास गणिताला देणारी शाळा आणि रात्री साडेदहापर्यंत चालणारी शिकवणी या दोन्ही गोष्टी अशा तऱ्हेने थेट ताटापर्यंत पोहोचतात. जाड मुलाला सर्वांसमोर वजनकाट्यावर उभे करणे किंवा टोपणनावाने हाक मारणे याने वजन उतरत नाही. ते मूल खेळाच्या मैदानावर यायचे थांबते आणि लपून खाऊ लागते.

वजन आणि उंची वर्षातून दोनदा, एकेकट्याने मोजून, वयाच्या तक्त्यावर मांडावी. एका वेळच्या आकड्यापेक्षा रेषा कुठे चालली आहे हे महत्त्वाचे. रेषा सपाट झाली, वजन उतरले, मूल माती-खडू-पाटीची पेन्सिल खाऊ लागले, खेळताना लवकर धापा टाकू लागले, किंवा किशोरवयीन मुलीने जेवण चुकवण्याची कारणे शोधायला सुरुवात केली, तर शिक्षकांनी पालकांना बोलवावे आणि डॉक्टरांकडे जायला सांगावे. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक सरकारी व अनुदानित शाळांत तपासणीसाठी येते आणि दोष आढळलेल्या मुलांना पुढच्या मोफत उपचारासाठी पाठवते. तपासणीच्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलांची यादी शाळेने वेगळी ठेवावी. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबांची मुले बहुतेक वेळा त्याच यादीत असतात, आणि ती परत आली की त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन राहिलेली तपासणी करून घेता येते.